मेळघाट कसा पाहावा?



जंगलातून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात. तो कुठे उतरला, किती चालला, वाटेत काय काय पाहिले, हे कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, "काय हो, वाघ दिसला का?" दिसला म्हटले की प्रवास सफल झाला. नाही म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि 'पैसे पाण्यात गेले म्हणायचे' असे तो मनाशी म्हणतो.

मेळघाटाच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच अन्यायाचा आहे. आपल्या विदर्भातच ताडोब्याला किंवा पेंचला वाघ दिसण्याचा संभव पुष्कळ अधिक. मेळघाट हा मुलूख निराळा. उंच पहाड, खोल दऱ्या, त्यात साग आणि बांबू यांची दाटी. तिथे वाघ आहे. पण बहुतेक वेळा तो आपल्याला पाहतो, आपल्याला तो दिसत नाही. मग एवढ्या लांब, घाटाच्या वळणांनी पोटात ढवळून घेत जायचे कशाला? जायचे ते जंगल वाचायला. हे वाचन कसे करावे, आणि ते आपल्याला आले नाही तर आपले काय बिघडते, तेच आज सांगणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. सातपुडा पर्वताची एक रांग अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिला गाविलगडची रांग म्हणतात. घाटांचा जिथे मेळ झाला तो मेळघाट, असा नावाचा अर्थ. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, आणि त्याच्या जवळचे वैराट हे शिखर १,१७८ मीटर. नागपूरहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तिथून परतवाडा ५०. परतवाड्याला रस्ता फुटतो. एक फाटा सुमारे ३० किलोमीटर चढून चिखलदऱ्यास जातो. दुसरा धारणीचा, तो सेमाडोह, कोलकास, हरिसाल अशी गावे घेत जंगलाच्या पोटातून जातो. एस्. टी. ची गाडीही या रस्त्याने जाते, तेव्हा मेळघाट हे काही केवळ मोटारवाल्यांचेच क्षेत्र आहे असे समजू नका.

आता 'राष्ट्रीय उद्यान' या शब्दाबद्दल दोन शब्द. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरची महाराजबाग येते. फुलांचे ताटवे, बाके आणि पोरांची गडबड. तसे इथे काही नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जंगलाच्या रक्षणाच्या पायऱ्या ठरविल्या. अभयारण्यात शिकारीला बंदी असते. पण गुराढोरांची चराई, लोकांचे काही जुने हक्क, हे सरकार ठरवील त्या मर्यादेत चालू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र चराईसुद्धा चालत नाही. तिथे राज्य झाडांचे आणि जनावरांचे. मेळघाटात गुगामल नावाचे असे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, आणि ते १९८७ साली जाहीर झाले. त्याच्या भोवती मेळघाट, नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. हे सगळे मिळून, बाहेरच्या संरक्षक पट्ट्यासह, जो व्याघ्रप्रकल्प होतो, त्याचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर भरतो. १९७३ साली भारत सरकारने व्याघ्रप्रकल्पाची योजना हाती घेतली, तेव्हा देशातून जी पहिली नऊ जंगले निवडली त्यांत आपल्या राज्यातून एकटा मेळघाट होता.

एवढा खटाटोप एका जनावरासाठी कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठे जनावर लागते, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास सांबरे, चितळे, रानडुकरे. तेवढी दरवर्षी मारली जाऊनही ती संपू नयेत, तर त्यांचा कळप शेकड्यांनी हवा. त्या शेकडोंना गवत हवे, पाला हवा, उन्हाळ्यात पाणी हवे. गवत आणि पाणी टिकायला डोंगरावर झाड हवे. तेव्हा जिथे वाघ पोट भरून जगतो आणि त्याची पिले वाढतात, तिथे खालची सारी उतरंड शाबूत आहे असे खुशाल समजावे. लग्नघरातल्या उतरंडीतले सर्वांत वरचे मडके जागेवर दिसले, की खालची मडकी फुटली नाहीत हे कळते, त्यातलाच हा प्रकार. १९७२ साली देशभर मोजणी झाली तेव्हा १,८२७ वाघ भरले होते. २०२२ सालच्या मोजणीचा अंदाज ३,६८२ असा आहे. मोजण्याची रीत मध्यंतरी बदलली, म्हणून दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. पण वाघ बुडाला नाही, एवढे खरे.

परंतु शेतकरी बंधूंनो, मला तुमच्यापुढे वाघापेक्षाही पाण्याची गोष्ट मांडायची आहे. मेळघाटाच्या पहाडावर पडलेला पाऊस दोन्ही अंगांनी उतरतो. उत्तरेकडे खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या तापीला जाऊन मिळतात. दक्षिणेकडे शहानूर, वान आणि असे कितीतरी ओढे पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात, आणि पूर्णाही शेवटी चांगदेवापाशी तापीलाच मिळते. पूर्णेचे खोरे म्हणजे आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावी विहीर खणावी तर पाणी खारट. जनावराने तोंड लावू नये असे. त्या पट्ट्यात शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूर भागाला, आणि वान धरणाचे पाणी अकोट-तेल्हारा भागाला प्यायला मिळते. हे गोडे पाणी येते ते डोंगरातून.

ते कसे, ते पाहा. उघड्या बोडख्या उतारावर पाऊस पडला की पाणी माती घेऊन धावत सुटते. तासाभरात नाला दुथडी, आणि दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत. बांध नसलेल्या शेतात काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. जंगलात तोच पाऊस आधी पानांवर पडतो, मग खालच्या पाचोळ्यावर. पाचोळा भिजलेल्या गोणपाटासारखा पाणी धरून ठेवतो. मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीतून ते हळूहळू खाली झिरपते, काळ्या खडकाच्या फटींतून वाट काढते आणि पाऊस संपल्यावरही कित्येक दिवस झऱ्यांच्या रूपाने बाहेर येत राहते. शिवाय माती जागच्या जागी राहिल्याने धरण गाळाने भरत नाही. मेळघाट उघडा पडला, तर त्याची पहिली आच तेल्हाऱ्याच्या नळाला लागेल. वाघ राखला म्हणजे आपण त्याच्यावर उपकार केले, असे बोलताना एवढे ध्यानात असू द्यावे.

आता प्रत्यक्ष पाहायचे कसे? मोटारीतून पाहायचे ते तासा-दोन तासांचे पाहणे. धूळ उडते, जनावर दचकते, आणि आपल्या हाती शेपटी लागते. डोंगर पाहायचा तर पायी. मात्र इथे एक गोष्ट बजावून सांगतो. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात आपल्या मनाला येईल तिकडे भटकायला परवानगी नाही, आणि नसावीही. वनखात्याने आखून दिलेल्या निसर्गवाटा आहेत, त्यांवरून स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन जाता येते. चिखलदऱ्याला पठाराच्या कडेकडेने हिंडून खालच्या दऱ्या पाहता येतात. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल ही ठिकाणे त्याच वाटेवर. इथेच भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि 'कीचकदरा'चे चिखलदरा झाले, अशी दंतकथा लोक सांगतात.

जवळच गाविलगडचा किल्ला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला तो या तहाने. इतिहासाच्या शिक्षकांनी हा धडा वर्गात शिकविण्याऐवजी त्या तटावर उभे राहून एकदा शिकवून पाहावा.

पायी चालताना डोळे समोर ठेवण्यापेक्षा जमिनीवर ठेवावेत. वाटेतली मऊ धूळ आणि ओढ्याची ओली रेती, ही जंगलाची पाटी. रात्री कोण कोण येऊन गेले ते तिच्यावर लिहिलेले असते. चार बोटांचा गोल ठसा, मागे मोठी गादी, आणि नखाची खूण नाही, तर ते मांजरकुळातले जनावर. कारण वाघ-बिबटे चालताना नखे आत ओढून घेतात. ठसा मोठा असला तर वाघ, लहान असला तर बिबट्या. नराचा पंजा चौकोनी भासतो, मादीचा लांबट. बोटांच्या टोकांशी नखांचे टिंब दिसले तर कुत्रा, कोल्हा, तरस किंवा रानकुत्रे. अस्वलाचा मागच्या पायाचा ठसा थेट माणसाच्या पावलासारखा. पुढे लांब नखांच्या रेघा दिसल्या की ओळख पटते. हे ज्ञान शेतकऱ्याला घरीही उपयोगी पडते. गोठ्यातले वासरू कोणी नेले, गावच्या कुत्र्यांनी की बिबट्याने, हे मागावरून समजते. बिबट्याने मारले असेल तर नुकसानभरपाई असते. त्यासाठी जागा न हलवता विनाविलंब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

मागाखेरीज आणखीही अक्षरे आहेत. विष्ठेत केस दिसले तर मांसाहारी. बोरांच्या नाहीतर जांभळाच्या बिया दिसल्या तर अस्वल. झाडाच्या बुंध्यावर वरपर्यंत गेलेले ओरखडे म्हणजे मधासाठी चढलेल्या अस्वलाची सही. आणि कान? कान तर डोळ्यांपेक्षा अधिक कामाचे. उंच झाडावरचे वानर एकाएकी खॅक्-खॅक् करू लागले, चितळाने तीक्ष्ण कूक् दिली, भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागले, की खाली कुठेतरी शिकारी जनावर चालले आहे. सांबराने जडसा ढाँक् असा आवाज दिला तर बातमी बहुधा पक्की. असे पाच मिनिटे उभे राहून ऐकलेत, तर न दिसलेला वाघही कोणत्या दिशेने चालला आहे ते तुम्हांला सांगता येईल. वाघ असा कळणे हेही पाहणेच आहे.

दिसणारी जनावरेही थोडी नाहीत. रानगवा पाहाल तर छाती दडपते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते. अंग काळे कुळकुळीत आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. चौशिंगा नावाचे लहानसे हरिण आहे. रानटी जनावरांत चार शिंगे असलेले सगळ्या जगात हेच. खेरीज नीलगाय, रानडुक्कर, टोळीने शिकार करणारी रानकुत्री आणि रात्री या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारी उडती खार.

पूर्वी वाघांची मोजणीदेखील पावलांच्या ठशांवरूनच करीत. काचेवर किंवा प्लास्टरमध्ये ठसा उतरवून घ्यायचा आणि ताडून पाहायचा. त्या रीतीत चुका होतात हे पुढे ध्यानात आले. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, ही गोष्ट २००५च्या सुमारास उघडकीस आली. २००६ सालापासून देशभर दुसरी रीत आली. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना कॅमेरे बांधतात. जनावर समोरून गेले की कॅमेरा आपोआप चित्र घेतो. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे जसे जुळत नाहीत, तसे दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. त्यावरून वाघ वेगळा ओळखतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरे पाहण्याचा परिपाठ मात्र अजून आहे. आता तो मोजणीसाठी राहिला नसून लोकांना जंगलाची रात्र कळावी यासाठी आहे.

शिक्षकमित्रांनो, एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. मेळघाटात रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. ॲलन ह्यूम, म्हणजे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूमसाहेब, मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी १८७३ साली या पक्ष्याची प्रथम नोंद केली. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसला नाही. पुढे एका इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत आपल्याला तो मिळाला असे दाखविले. त्या नोंदीवर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोधीत बसले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने संग्रहालयांतले जुने नमुने ताडून पाहिले आणि ती नोंद खोटी असल्याचे दाखविले. तो नमुना दुसऱ्याचा चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. ती बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या मागाने त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये सातपुड्याच्याच पायथ्याशी, शहाद्याजवळ, त्यांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर शोध घेता तो मेळघाटातही चांगल्या संख्येने आढळला. हा दिवसा वावरणारा पिंगळा आहे. सकाळी उन्हे खात उघड्या फांदीवर बसतो, सरडे-उंदीर धरतो. साधा पिंगळा आपल्या गावातही असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच, आणि त्याचे पंजे चांगले दणकट असतात.

या गोष्टीत मुलांसाठी दोन धडे आहेत. एका खोट्या नोंदीने शोध करणाऱ्यांना कित्येक वर्षे चुकविले. म्हणून सहलीच्या वहीत जे पाहिले तेच लिहावे. अंदाज असेल तर अंदाज म्हणावा. आणि दुसरे, तो पक्षी इतकी वर्षे तिथेच होता. सातपुड्यात राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसत होता. त्यांना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

ही माणसे म्हणजे मुख्यत्वे कोरकू. त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मेळघाट पुरा होत नाही. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, हिंदीच्याही नाही. ती मुंडा कुळातली. तिचे सख्खे भाईबंद शेकडो कोस दूर झारखंडात आहेत. वाघाला कोरकू 'कुला' म्हणतो आणि तिकडचा मुंडाही 'कुला'च म्हणतो. मेळघाटातल्या मोठ्या नदीचे नाव सिपना. कोरकूत सिपना म्हणजे साग. सागाच्या रानातून वाहणारी ती सिपना. पाहा, एका नावात केवढा भूगोल साठवला आहे! मेळघाटात ज्यांनी नोकरी केली ते वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आयुष्यभर असे रानातले शब्द माणसांच्या तोंडून वेचले आणि मराठीला दिले. पक्ष्यांच्या वसाहतींना 'सारंगागार', 'काकागार' असे नेमके शब्द त्यांनीच घडविले. म्हणून वाटाड्या बरोबर घ्याल तेव्हा त्याला केवळ 'वाघ कुठे?' असे विचारू नका. या झाडाला काय म्हणता, मोहाची फुले कशी वाळविता, पाऊस कशावरून ओळखता, असे विचारा. तो तुमचा त्या दिवसापुरता गुरुजी आहे.

आणि वाघ वाचला त्याची किंमत सर्वांत अधिक कोणी दिली, हेही समजून घ्या. गाभ्यातली माणसे उठवून बाहेर वसविण्याचे काम या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड या गावांपासून सुरू झाले. पुढे वैराटसारखी गावेही उठली. रिकाम्या गावठाणांवर आज गवताची कुरणे आहेत. चितळ, सांबर, गवे तिथे चरायला येतात, आणि त्यांच्या मागे वाघ येतो. जंगलाच्या बाजूने पाहिले तर हे यश आहे. पण ज्याचे आजे-पणजे त्या मातीत आहेत, त्याच्या बाजूनेही पाहावे लागेल. सरकारी योजनेत २००८पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये, आणि २०२१ साली वाढवून पंधरा लाख ठरले. कित्येक कुटुंबे आपणहून निघाली. मुलांची शाळा, दवाखाना, रस्ता जवळ यावा, ही त्यांचीही इच्छा होतीच. कारण मेळघाटातले कुपोषण आणि बालमृत्यू १९९० नंतरच्या वर्षांत साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून कळले होते. परंतु हाती आलेला पैसा संपतो, आणि जमीन, काम, पाणी मनासारखे मिळाले नाही तर माणूस मागे वळून पाहतो. २०१९च्या जानेवारीत बाहेर वसविलेल्या काही गावांतले लोक पुन्हा जंगलात परतले, आणि त्यांच्यात व वनकर्मचाऱ्यांत चकमक झाली. वाघ हवा की माणूस, असा हा प्रश्न मांडणे सोपे आहे. खरा प्रश्न निराळा. डोंगर राखल्याचा लाभ पायथ्याशी आम्हां सगळ्यांना होतो. मग त्याचा भार डोंगरातल्या थोड्या घरांनीच का उचलावा?

याला पाहुण्याच्या हातात एक लहानसे उत्तर आहे. जाल तेव्हा आपला पैसा तिथल्या माणसाच्या हाती पडेल असे पाहा. वाटाड्या तिथला घ्या, जेवण तिथल्या घरचे घ्या, मध आणि मोहाचे पदार्थ तिथेच विकत घ्या. ज्याचे पोट जंगल उभे राहण्यावर चालते, तो ते पेटू देत नाही.

पेटू देत नाही म्हणालो, ते उगीच नाही. फेब्रुवारीपासून सागाची पाने झडू लागतात, आणि उन्हाळ्यात सारे रान पाचोळ्याने भरलेली गंजी होते. फेकलेली एक जळती विडी पुरे! आगीत मोठे झाड कदाचित तगेल. पण रोपे, जमिनीवरची अंडी, पिले आणि तो पाणी धरणारा पाचोळा, सगळे जाते. म्हणून काड्यापेटी खिशात ठेवू नका.

आता थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यात गाभ्यातले बहुतेक रस्ते बंद असतात. तेव्हा चिखलदरा पाहावा, धुके आणि धबधबे पाहावेत. डोंगर चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडी मात्र कडक असते, घोंगडी विसरू नका. जनावरे पाण्यावर यायची तर एप्रिल-मे, पण ऊन सोसले पाहिजे. प्रवेशाचे दर आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी अमरावतीच्या व्याघ्रप्रकल्प कार्यालयात चौकशी करावी आणि राहण्याची जागा आधी नक्की करावी. पेट्रोल, औषधे परतवाड्यासच घ्यावीत. जंगलात फोन बहुतेक लागत नाही. पाय झाकणारे जोडे, मळकट रंगाचे कपडे, मच्छरदाणी आणि पाण्याची बाटली; प्लास्टिकची पिशवी नेली तर तीच परत आणावी. वानरांना खायला घालू नये. ती त्याने निर्लज्ज होतात आणि गाडीखाली मरतात. मोहाच्या दिवसांत झाडाखाली अस्वल असते. एरवी गरीब दिसणारे हे जनावर दचकले की अंगावर येते. म्हणून झुडपांतून जाताना कुठे गप्प चालायचे आणि कुठे बोलत चालायचे, ते वाटाड्यावर सोपवावे. त्याला सोडून पाऊलभरही पुढे जाऊ नये.

शाळेची सहल न्यायची असेल तर मुले थोडी न्या. पन्नास मुलांच्या गोंगाटात चिमणीसुद्धा थांबत नाही. पाच-पाच मुलांचे गट करा. एका गटाने माग पाहावेत, दुसऱ्याने झाडे, तिसऱ्याने पक्ष्यांचे आवाज, चौथ्याने पाणी, म्हणजे ओढा कुठून येतो आणि कुठे जातो. संध्याकाळी सर्वांनी आपापले लिखाण वाचून दाखवावे. एकेकट्याला तुकडाच दिसलेला असतो. ते तुकडे जुळले की मुलांपुढे जंगल उभे राहते.

आणि ज्यांना मेळघाट फार दूर आहे, त्यांनी थांबून राहू नये. गावाबाहेरची टेकडी आहे, नाल्याची रेती आहे. उद्या पहाटे, गुरे बाहेर पडण्यापूर्वी, मुलांना घेऊन त्या रेतीवर जा. ससा, मुंगूस, कोल्हा, मोर, कोणी ना कोणी रात्री तिथून गेलेले असेलच. कोण गेले ते आधी मुलांनाच सांगू द्या, आणि मगच तुम्ही बोला.